सुई टोचली, पण नोंद कुठे?

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी डिचोलीची, २२ वर्षे वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे रात्रपाळीला साफसफाई करणाऱ्या एका कंत्राटी बाईसाठी हे पत्र लिहिते आहे. तिची नोकरी जाऊ नये म्हणून इस्पितळाचे नाव घालत नाही.

पहाटे तीनच्या सुमारास ती पिवळ्या पिशवीचे तोंड बांधत होती. पिवळी पिशवी रक्ताळलेल्या कापसाची, बँडेजची. सुयांसाठी पांढरा जाड डबा असतो, पण कुणीतरी घाईत सुई पिशवीतच टाकली होती. ती पातळ हातमोज्यातून अंगठ्यात घुसली. तिने अंगठा पिळला, मग तोंडात घातला. सुपरवायझर म्हणाला, "स्पिरिट लाव, काय होत नाही." वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे आणि पिळायचे नाही, एवढेही तिला कुणी शिकवले नव्हते. सकाळी पाळी बदलताना तिने मला अंगठा दाखवला, तोवर चार तास उलटले होते.

मी विचारले, "हिपॅटायटिस बीची लस घेतलीस का गं?"

"सिस्टर, कोविडची घेतलीय."

साहेब, सगळे एचआयव्हीला घाबरतात. बाधित सुई टोचली तर त्याची लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा, म्हणजे यकृताला धरणाऱ्या काविळीचा, धोका मात्र ३० टक्क्यांपर्यंत जातो. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सीला लस नाही, बीला आहे. सहा महिन्यांत तीन डोस घेतले की झाले. तेवढेही या बाईच्या वाट्याला आले नाही, याचा मला फार संताप येतो.

जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस देणे आणि वर्षातून एकदा त्याची तपासणी करणे इस्पितळावर बंधनकारक आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही सुई टोचलेल्या कर्मचाऱ्याला प्रतिबंधक औषध देण्याची जबाबदारी इस्पितळावरच टाकली आहे. पगार कंत्राटदार देतो म्हणून ती टळत नाही.

तिला मी स्कूटरवर बसवून सरकारी इस्पितळात नेले. तिथे एचआयव्ही रोखणारी २८ दिवसांची औषधे मिळाली, लसही सुरू झाली, हे मुद्दाम सांगते. पण ही औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर उपयोग नसतो. वाळपई किंवा काणकोणच्या बाईने मध्यरात्री बांबोळी, म्हापसा, मडगावचे मोठे सरकारी इस्पितळ कसे गाठायचे? बसही नसते. या औषधांचा पहिला डोस प्रत्येक आरोग्य केंद्रात रात्रीही मिळेल, असा आदेश काढा. आणि लसीचे कार्ड जोडल्याशिवाय साफसफाईच्या कंत्राटदाराचे एकही बिल मंजूर करू नका. बिल अडले की लस लगेच मिळते, बघा.

त्या रात्रीची नोंद आमच्या रजिस्टरात अजून नाही. "उगाच चौकशी लागेल," असे सांगण्यात आले. प्रत्येक इस्पितळाकडून सुई टोचल्याचा आकडा दरवर्षी मागवा, आणि शून्य लिहून आले तर माणूस पाठवा.

तिची सहा महिन्यांची रक्ततपासणी चवथीनंतर आहे. तोवर तिने आपला नेलकटर मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवला आहे.

आपली,
एक परिचारिका, डिचोली