स्वतःची शैली शोधणाऱ्या मित्राला

ठाणे,
९ नोव्हेंबर

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. नोकरी सोडल्याशिवाय चित्रांत हाताला स्वतःचं वळण लागणार नाही, असं तू लिहिलंयस. नोकरीचं तू आणि वहिनी मिळून ठरवा. पण रिकामा वेळ मिळाला की शैली सापडते, हे मला अजिबात पटत नाही. चित्रकार सुधीर पटवर्धनांकडे बघ.

१९४९ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस कुठल्याही कलाशाळेत गेला नाही. ए.एफ.एम.सी.तून, म्हणजे पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून, डॉक्टर झाला, मुंबईला आला आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून राबला. दिवसभर एक्स-रे, उरलेल्या वेळात चित्रं. त्यांच्या चित्रांतल्या माणसांच्या अंगात जे वजन जाणवतं, ते मला वाटतं तिथूनच आलंय. त्या शरीरांना देखणं करायची धडपड नाही आणि त्यांची कीवही नाही. ‘इराणी रेस्टॉरंट’ १९७७चं, ‘ट्रेन’ १९८०चं. आपण ज्यांच्या खांद्याला खांदा लावून प्रवास करतो आणि तोंडाकडे बघतही नाही, अशीच ही माणसं.

तरुणपणी ते मार्क्सवादाकडे ओढले गेले, म्हणून श्रमणारा माणूस चित्राच्या मध्यभागी आला. ज्याचं चित्र काढतो त्याला ते आपलं वाटलं पाहिजे, ही त्यांची तळमळ. सेझान, लेजे, ब्रुगेल या युरोपातल्या चित्रकारांकडून त्यांनी भरपूर घेतलं आणि ते कधी लपवलंही नाही. पण हे सगळं वापरलं कुठे, तर लोकलमध्ये, रेल्वेच्या पुलावर, आमच्या पोखरण रोडवर! २००१चं ‘लोअर परळ’ मी कितीतरी वेळ बघत बसतो. गिरणगाव बदलत असतानाचं ते चित्र. एका जागी उभं राहून तो परिसर तसा दिसणारच नाही. त्यातून चालत गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो तसा साठतो. आणि २००८-०९मध्ये याच माणसाने समकालीन चित्रांचं ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवलं. मला याचं फार अप्रूप आहे.

चित्रकार अतुल दोडियांचंही तेच. घाटकोपरचा माणूस, दुकानांची लोखंडी शटर्स रोजची डोळ्यांसमोरची. त्याच शटर्सवर चित्रं रंगवली आणि २००१मध्ये ती लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागली.

आता तुझं सांगतो. अमूर्त चित्रं काढणारे गायतोंडे तुझं दैवत, माझंही. पण त्यांची ती शांतता त्यांच्या एकांतातून, झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या ओढीतून आलेली होती. तू सकाळपासून बाजार समितीत कांद्याच्या लिलावात उभा असतोस आणि रात्री कॅनव्हासवर त्यांच्यासारखे रंगांचे थर देतोस. ते थर नीटस आहेत, पण त्यांत तू नाहीस. तुझ्या वहीच्या मागच्या पानांवर मात्र मी हमाल पाहिले होते, बॉलपेनने काढलेले. एकाची मान गोणीखाली अशी वळली होती की ती गोणी किती जड आहे ते मला कळलं. ती रेघ तू कोणाकडूनही उसनी घेतलेली नाहीस.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा कॅनव्हास राहू दे, ती वही आण. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
अवि