दोरी धरणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

घोडेस्वारीतून अपंग मुलांवर होणाऱ्या उपचाराचं सत्र संपलं की पालक थेरपिस्टचे आभार मानतात, मुलं घोड्याला गाजर भरवतात आणि फोटोत घोडा नि स्वार येतात. घोड्याची दोरी धरून त्याला चालवणारा माणूस बहुतेक वेळा फोटोच्या कडेला अर्धा कापला जातो. म्हणून हे आभार चारचौघांत मानतोय.

घोड्याच्या नुसत्या स्पर्शाने मुलं बरी होतात, असं कुणी म्हटलं की आम्ही गप्प बसतो. उत्साहावर विरजण कशाला घाला? पण तुम्हाला ठाऊक आहे, यात जादू नाही. चालत्या घोड्याची पाठ पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलते आणि थोडी फिरतेही. त्यामुळे वर बसलेल्याची कंबर जवळपास तशीच हलते, जशी आपली चालताना हलते. मागच्या पायांची मिनिटाला साधारण 100 पावलं धरली, तर अर्ध्या तासात जवळपास 3000 वेळा त्या धडाला तोल सावरावा लागतो. ज्या मुलाने आयुष्यात एक पाऊल टाकलेलं नाही त्याला हे गादीवरच्या व्यायामातून देता येत नाही.

आणि ती पावलं कशी पडणार, हे दोरीवर ठरतं. स्नायू आखडलेल्या मुलाला लांब, संथ, एकसारखी चाल हवी. मांड्या आपोआप सैलावतात आणि पाय खोगिरावरून खाली लोंबू लागतात. त्याच मुलाचा घोडा तुटक, घाईच्या पावलांनी चालवला तर आखडणं वाढतं. अंग ढिलं असलेल्या मुलाचं बरोबर उलट: त्याला थोडी तरतरीत चाल हवी, मध्येच थांबणं, पुन्हा निघणं हवं. आम्ही मैदानाच्या मध्यभागी उभं राहून 'जरा लांब', 'जरा जागं करा' एवढंच म्हणतो. पुढचं सगळं तुमच्या पायांत असतं, कारण घोडा तुमच्या पावलाशी पाऊल जुळवतो.

नव्या लोकांना शिकवताना आम्ही तुमच्याकडे बोट दाखवतो. घोड्याचं डोकं आणि खांदा यांच्या मधोमध चालायचं. उजवा हात मोरकीच्या (घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्याच्या) कडीपासून वीत-दीड वीत खाली, उरलेली दोरी डाव्या हातात दुमडून. मनगटाला किंवा बोटांना वेढा कधीच नाही. घोडा बुजला तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. नजर समोर, जिथे जायचं तिथे. नवा माणूस हमखास एक चूक करतो: मूल कसं बसलंय ते बघायला मागे वळतो. वळलं की खांदा फिरतो, घोड्याला वाटतं थांबायचंय, तो रेंगाळतो. मग हा दोरी ओढतो, घोडा मान वर काढतो, पाठ खाली दबते, आणि वर बसलेलं मूल आधी मागे नि मग पुढे हिसकतं. मुलाच्या काळजीपोटीच मुलाला धक्का बसतो. मुलाकडे बघायला बाजूने चालणारे आहेत.

थांबणंही तसंच. तुम्ही तीन-चार पावलं आधी 'थांबतोय' म्हणता, स्वतःची पावलं आखडती घेता, मग घोडा उभा राहतो. वळण मोठं घेता, आणि घोड्याला स्वतःकडे न ओढता स्वतःपासून बाहेर ढकलत नेता. लहान गोल घेतला की मूल बाहेरच्या बाजूला सरकतं, खोगीर त्याच्यामागून सरकतं आणि मग सगळेच तंगाला, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याला, दोष देतात. कधी कधी तंगाचाही दोष असतोच. खोगीर घालताना घोडा पोट फुगवतो, म्हणून तंग चढण्याआधी पुन्हा तपासायचा आणि काही मिनिटं चालून झाल्यावर तिसऱ्यांदा. ही तिसरी वेळ आम्ही विसरतो, तुम्ही विसरत नाही.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो तो रॅम्पवर. व्हीलचेअर वर आलेली, एका बाजूला रॅम्प, दुसऱ्या बाजूला ठोकळ्यावर उभा असलेला मदतनीस, मध्ये घोडा. तुम्ही घोड्याच्या तोंडाकडे, जरासे बाजूला, त्याच्याकडे तोंड करून उभे. रॅम्प आणि घोडा यांच्यात फट पडली तर पाय त्यात जातो, म्हणून घोडा चिकटून उभा हवा, आणि मूल पूर्ण बसेपर्यंत हलायला नको. बसल्यावर तिथेच रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) नीट करत बसायचं नाही. सरळ बाहेर काढायचा, मोकळ्या जागेत थांबवायचा आणि मग रिकिबी, हेल्मेट, बैठक बघायची. अरुंद जागेत घोडा बुजला तर कुणालाच पळायला वाट नसते.

आणि तो 'चल'. एखाद्या मुलाला एक शब्द काढायला दहा सेकंद लागतात. ओठ हलतात, हात आयाळीवर येतो, आवाज फुटत नाही. तेवढ्यात आजूबाजूचे तिघे 'चल म्हण, चल म्हण' सुरू करतात आणि होतं नव्हतं ते विस्कटतं. तुम्ही मात्र पाय रोवून उभे. घोडा तुमच्याकडे बघून निघतो हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून तुम्ही वजनही एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत नाही. मुलाकडून अर्धवट 'च' आला, की लगेच पहिलं पाऊल. माझ्या शब्दाने एवढं मोठं जनावर हललं, हे त्या मुलाला कळायला शब्द आणि पाऊल यांत फट नको. वाचा-उपचारातलं हे काम तुमच्या दोन पायांवर उभं आहे.

बाजूने चालणाऱ्या ताई-दादांना तुम्ही जे सुनावता त्याबद्दलही आभार. मांडीवर हात आडवा ठेवून खोगिराची कड धरायची, पण कोपर घोड्याच्या बरगडीत खुपसायचं नाही. एकाने जास्त दाबलं की मूल दुसरीकडे झुकतं. हात दुखला तर घोडा थांबवून बाजू बदलायची, एका वेळी एकानेच. आखडलेला पाय घोट्याला धरून ओढायचा नाही, गुडघ्यावर आणि खुब्यावर ताण येतो. आणि गरजेपेक्षा जास्त धरायचं नाही, कारण घट्ट धरलेल्या मुलाच्या स्नायूंना कामच उरत नाही. हे आम्ही सांगितलं तर सूचना वाटते, तुम्ही सांगितलं की लोक ऐकतात.

अवघड प्रसंगी घोडा तुमचा आणि मूल बाजूच्यांचं, ही वाटणी तुम्ही कधी मोडली नाही. फीट आली, घोडा बुजला, काहीही झालं तरी दोरी सोडून मुलाकडे धावायचं नाही. दोरी सुटली तर मुलाला उतरवणाऱ्यांच्या पायांखालची जमीनच हलते.

'आज याला नको' हे तुमचं वाक्य ऐकताना वेळापत्रक सांभाळणारा वैतागतो. पण तंग आवळताना कान मागे पाडणं, शेपटी झटकणं, खरारा पाठीवरून फिरला की पाठ दबवणं, हे तुम्हाला आमच्याआधी दिसतं. तोल नसलेला स्वार घोड्याच्या पाठीला जड पडतो. म्हणून स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्के ही वरची मर्यादा, म्हणजे 400 किलोच्या घोड्यावर 80 किलो. तोल कमी असेल तर त्याहूनही कमी. पाठ दुखणारा घोडा तिरकं चालतो, आणि मुलाच्या कमरेला तेच तिरकं चालणं शिकवलं जातं.

नुसत्या चालीला कमी लेखणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 1996 पासून पॅरालिम्पिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या आखीव चालींची स्पर्धा, आहे आणि त्यातल्या पहिल्या ग्रेडची, म्हणजे सर्वांत जास्त अपंगत्व असलेल्या स्वारांच्या गटाची, पूर्ण स्पर्धा चालीवरच होते, दुडकी नाही की दौड नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी ड्रेसाजमध्ये रौप्यपदक जिंकलं. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे होते आणि घोड्यावर चढा-उतरायला माणूस लागायचा. लिस हार्टेल हे नाव सगळ्यांना माहीत आहे. चढवणाऱ्याचं कुणी विचारत नाही.

जाता जाता एक काम. मोरकीच्या कडीजवळ दोरीचा पीळ उसवत चाललाय, तुमच्याही नजरेला आला असेलच. नवी आणून ठेवली आहे, पण ती कडक आहे. हाताला बसेपर्यंत दोन-चार दिवस रिकाम्या घोड्यावर वापरा, मग मुलांसाठी काढू.

आपले,
मैदानाच्या मध्यभागी उभे राहणारे थेरपिस्ट आणि प्रशिक्षक