कोचीचा मुक्काम : सहलीच्या सभासदांसाठी सूचना

मंडळी, गोव्याहून निघालेली आपली शिडाची नौका कोचीला बोलगट्टी बेटावरच्या मरीनात, म्हणजे नौका बांधून ठेवायच्या धक्क्यावर, दोन रात्री थांबेल. शेजारी डचांनी १७४४ मध्ये बांधलेला वाडा आहे, आता तिथे रिसॉर्ट चालतं. आपण मात्र नौकेवरच झोपणार, खोल्यांची चौकशी नको.

धक्क्याला लागताना हातपाय बाहेर काढून नौका अडवू नका. नौकेच्या कडेला टांगलेले, टक्कर झेलणारे रबरी फेंडर त्यासाठीच असतात. काळ्या तळव्याचे बूट डेकवर डाग पाडतात, ते घरीच ठेवा. चाकांच्या बॅगांना जागा नाही.

कडक भाकरी, शेंगाचटणी भरपूर घ्या. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत टिकणारी भाकरी तिथे दमटपणाने मऊ पडते, म्हणून घट्ट झाकणाचे डबेच आणा. सहलीचे द्यायचे राहिलेले पैसे रविवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावेत.