तिसरी सही

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मी विचारत नाही. आई म्हणते, रेंजच गेली असेल. फोनवर आपल्या दोघांचेही आवाज लगेच चढतात, म्हणून लिहून पाठवतोय. फ्रान्समधल्या स्ताजच्या, म्हणजे विद्यार्थ्याने कंपनीत जाऊन घ्यायच्या कामाच्या अनुभवाच्या, करारावर सह्या झाल्या का, हे या पत्रात विचारायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

डिग्रीतल्या फ्रान्सच्या वर्षासाठी तिथल्या शाळेतली इंग्रजी असिस्टंटची जागा तू नाकारलीस, त्याचा मला राग नाही. आठवड्याला 12 तास, 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल, महिन्याला हातात 800 युरोंच्या आसपास. वाईट नव्हती. पण तुझा मुद्दा बरोबर होता. ते 12 तास मुलांशी इंग्रजी बोलण्यासाठीच असतात. फ्रेंच उरतं ते स्टाफरूममध्ये आणि संध्याकाळी, आणि संध्याकाळी बहुतेक वेळा इतर इंग्रज असिस्टंटच भेटतात. अशी मुलं परत येतात तेव्हा उच्चार सुरेख असतात, पण कंपनीला दोन ओळींचं औपचारिक पत्र लिहायला सांगितलं की अडतात. स्ताजमध्ये दिवसाचे सात तास तीच भाषा, तीही साहेबाची, गिऱ्हाइकाची, हिशेब बघणाऱ्या बाईंची. तेव्हा निवड चांगली आहे. भीती एवढीच वाटते की हातातली जागा सुटली आणि दुसरीचा नुसता शब्द आहे.

आलोच बघ तिथे. मग एकदा नीट सांगतो आणि विषय बंद करतो.

स्ताज म्हणजे नोकरी नव्हे. त्याच्या कराराला तीन बाजू असतात: कंपनी, विद्यापीठ आणि तू. शिवाय कंपनीतला एक मार्गदर्शक आणि विद्यापीठातल्या तुझ्या विभागातला एक, दोघांची नावं आणि सह्याही त्यात लागतात. तारखा, आठवड्याचे तास, नेमकं काम काय, मानधन, रजा, अपघात झाला तर कोण बघणार, तुझ्या हातून कुणाचं नुकसान झालं तर कुठला विमा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्या कागदाशिवाय कंपनीने तुला एक दिवस जरी टेबलाशी बसवलं तरी ते स्ताज ठरत नाही. विद्यापीठाकडे आपला मसुदा असतो, फ्रेंच एचआरला आपला हवा असतो, आणि विम्याच्या एका कलमावर दोन्हीकडचे लोक आठवडेच्या आठवडे काढतात. कुणाच्या मनात वाईट नसतं. फाइल ज्याच्या टेबलावर असते तो रजेवर असतो, एवढंच. ऑफिसात रोज अशाच फायली बघणाऱ्या माणसाला घरी आल्यावर त्या डोक्यातून काढता येत नाहीत, हे तू आता समजून घ्यायला हवंस.

आज 16 जून. तुझी सुरुवात 1 सप्टेंबरची. 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर ब्रिटिश पासपोर्टलाही आता व्हिसा लागतो, आणि स्ताजच्या व्हिसासाठी करार आधी फ्रेंच प्रशासनाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तो अर्ज सुरुवातीच्या किमान दोन महिने आधी जायला हवा. म्हणजे जून संपायच्या आत. 14 जुलैच्या त्यांच्या राष्ट्रीय दिनानंतर फ्रान्समधून उत्तरं यायची मंदावतात आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ थांबतात. मिहीरदादा म्हणतो, बाबा उगाच घाबरवतो. मिहीरदादाने त्याच्या वेळी काय केलं ते त्यालाच विचार.

तर सोमवारी एवढं कर. "करार कुठपर्यंत आला" असं मोघम विचारू नकोस. सध्या तो कोणाकडे आहे, त्या माणसाचं नाव विचार. मग एकाच ईमेलमध्ये कंपनीतला मार्गदर्शक, एचआर आणि विभागातल्या बाई, तिघांना घे; फ्रेंच वर, इंग्रजी खाली, आणि शेवटी तारीख. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन कर. फोन तुला नको वाटतो, माहीत आहे. तिथे फसायला होतं ते व्याकरणात नाही, आकड्यांत. फ्रेंच माणूस फोन नंबर जोड्याजोड्यांनी सांगतो. 78 सांगताना तो आधी साठ म्हणतो आणि मग अठरा. 94 म्हणजे चार वेळा वीस आणि चौदा. आपण साठ लिहून मोकळे होतो, तोवर तो पुढच्या जोडीवर गेलेला असतो. म्हणून जोडी पूर्ण ऐकल्याशिवाय पेन टेकवायचं नाही, आणि शेवटी सगळा नंबर आपण परत म्हणून दाखवायचा. नाव सांगतानाही जपून. ते "ई" म्हणतात ते अक्षर म्हणजे आपलं इंग्रजी आय, आणि जी-जेची तर अदलाबदलच. आरशासमोर म्हणून बघ. हसू नकोस.

आता पैसे. काल तू म्हणालीस, "ते म्हणतात आधी आठ आठवडे करू, मग बघू." माझा आवाज चढला तो तिथे. आठ आठवडे म्हणजे कामाचे 40 दिवस. कायद्याने मानधन सक्तीचं होतं ते दोन महिन्यांवर, म्हणजे 44 दिवस किंवा 308 तास ओलांडले की. आठ आठवड्यांचा करार फुकटात करता येतो आणि तो बेकायदाही नसतो. मग बघू म्हणणारे नंतर बघतीलही, पण आधी आपण पूर्ण मुदत एकाच करारात मागायची. तसं झालं तर पहिल्या तासापासून मानधन: 2025 चा किमान दर ताशी 4.35 युरो. महिन्यात 22 दिवस, रोज सात तास धर, 669 युरो 90 सेंट होतात. त्यात खोलीचं भाडं दिलं की फारसं उरत नाही, ते तुला माहीत आहे. बस-मेट्रोच्या पासाचा अर्धा खर्च कंपनीने द्यायचा असतो. मागावा लागतो, लाजायचं नाही.

एका कंपनीत एका शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त सहा महिने, 924 तास. त्यापुढे त्यांना तू कितीही आवडलीस तरी ते ठेवू शकत नाहीत. म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी हे, आणि मार्चपासून दुसरं. दुसऱ्याचा शोध नोव्हेंबरात सुरू कर. एका पानाचा सीव्ही, प्रत्येक कंपनीसाठी वेगळं पत्र. जानेवारीत सुरू केलंस तर पुन्हा हाच करार, हीच तिसरी सही, आणि मी पुन्हा असंच पत्र लिहीन.

फीची काळजी करू नकोस. वर्षभर परदेशात असलेल्या विद्यार्थ्याकडून इंग्लंडमधल्या विद्यापीठाला पूर्ण फी घेता येत नाही, तिचा थोडाच भाग घेता येतो. ते मी आणि आई बघतो.

खोलीचं मात्र तूच बघायचं आहेस. घरमालक हमीदार मागतो, आणि तो फ्रान्समध्ये कमावणारा हवा असतो. नंदूकाका आता तिथे नाहीत. व्हिसाल नावाची हमी आहे, फुकट मिळते, पण भाडेकरारावर सही करण्याआधी ती घेतलेली असावी लागते. नंतर उपयोग नाही. बँक पत्त्याचा पुरावा मागेल, घरमालक बँकेचा खाते क्रमांक मागेल. या चक्रातून सुटायला पहिले काही आठवडे विद्यार्थी वसतिगृहात किंवा ओळखीच्यांकडे राहून तिथला पत्ता लेखी घ्यायचा. पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा. हे विसरणारी मुलं दरवर्षी असतात, आणि ती बिनडोक नसतात. हुशारच असतात.

फार शिकवलं. माफ कर. तू शून्यापासून सुरू केलंस आणि दोन वर्षांत फ्रेंचच्या बी-2 पातळीला पोहोचलीस. तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी शाळेत सात वर्षं फ्रेंच केलं होतं. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, आई म्हणते म्हणायला हवं होतं. डोव्हरहून कॅलेला जाताना फेरीवर तू आठ वर्षांची होतीस. भोंग्यावरची फ्रेंच घोषणा तू जशीच्या तशी म्हणून दाखवलीस, एका शब्दाचा अर्थ न कळता, शेवटच्या सूर चढण्यासकट. समोरच्या आजींनी वळून तुला काहीतरी विचारलं आणि तू माझ्यामागे लपलीस. केमिस्ट्री सोडलीस तेव्हा मी जे बोललो ते बोललो, पण मनात ही फेरीच होती. असो, मुद्दा तो नव्हता.

मुद्दा असा की बैठका कुठल्या भाषेत होतात ते करार करण्याआधी विचार. परदेशी विक्रीच्या विभागात इंग्रजी येणारी मुलगी मिळाली की तिच्या गळ्यात सगळी इंग्रजी पत्रं पडतात, आणि सहा महिने ती फ्रान्समधल्या ल्यों शहरात बसून इंग्रजीच लिहिते. कामाच्या स्वरूपात फ्रेंच लिखाण स्पष्ट लिहून घे. दुसरं, स्ताजवरून आलेल्या मुलांचं बोलणं धबधबा असतं आणि लिखाण घसरलेलं, कारण ईमेलच्या चुका मशीन दुरुस्त करतं. शेवटच्या वर्षात मग कृदंताच्या जुळणीवर आणि अक्षरांवरच्या ॲक्संटच्या खुणांवर गुण जातात. आठवड्याला एक पान हाताने लिही. डाल्फ सी-1 या वरच्या पातळीच्या फ्रेंच परीक्षेचा लेखी पेपर अडीच तासांचा: दिलेल्या मजकुरांचं साधारण 220 शब्दांचं संकलन आणि 250 शब्दांचा निबंध. संकलनात आपलं मत एका शब्दानेही घालायचं नाही. आपल्या घरातल्या लोकांना हे अवघड जातं. ते प्रमाणपत्र कायमचं असतं. परत येण्याआधी देऊन टाक.

रोज काय केलंस त्याच्या दोन ओळी लिहून ठेव, अहवालाला लागतील. कंपनीचे आकडे मात्र मार्गदर्शकाला विचारल्याशिवाय त्यात घालू नकोस.

आजी विचारते, जेवतेस ना. आई वेगळं लिहिणार आहे.

विचारणार नव्हतो, पण सोमवारी त्या माणसाचं नाव कळलं की फक्त नाव पाठव. बाकी काही लिहू नकोस, मला कळेल. आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटला कराराची मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही ने. शेवटच्या पानावर सगळ्या सह्या आहेत का ते घरून निघण्याआधी बघ.

तुझा,
बाबा