दुपारी साडेबाराचा निरोप

हॅम्बुर्ग, ९ जून

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा आईने "गणपतीचं तिकीट काढलंस का गं?" विचारलं आणि माझी जीभ अडकली. म्हणून लिहिते आहे. या वर्षी मी गणपतीला येत नाही. जुलै-ऑगस्टचे सहा आठवडे मी आणि समीर आमची गाडी घेऊन आइसलंडला जातो आहोत. बोटीचं तिकीट काढून झालंय, रजाही मंजूर झालीय. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर दोघंही लगेच "जा" म्हणाला असतात, आणि मग आईचं आठ दिवस जेवणात लक्ष लागलं नसतं.

आई आता चष्मा काढून खिडकीशी जाऊन उभी राहिली असेल. आई, ये परत, पुढचं वाच. ऑक्टोबरात मी येते आहे, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला, चांगली पाच आठवडे. या प्रवासात सगळी रजा संपते, म्हणून बिनपगारी रजा मागून घेतली. तेही तिकीट काढलंय. तू पहिल्यांदा वॉकर धरून उभी राहशील तेव्हा शेजारी मी असणार.

"दिवाळीनंतर जा की" असं तुम्ही म्हणाल, म्हणून सांगते. तिथल्या मधल्या पठारावरचे रस्ते बर्फामुळे जूनअखेरीला नाहीतर जुलैत उघडतात, आणि सप्टेंबरपासून पुन्हा भरवसा राहत नाही. दिवाळीला गेलं तर वाटच नसते. आमची गाडी घेऊन जायचं गेली चार वर्षं आम्ही "पुढच्या वर्षी" म्हणतोय. मी त्रेचाळीसची झाले, समीरची कंबर आत्ताच कुरकुरते. अजून किती पुढची वर्षं धरायची?

बाबा, खरं कारण तुम्हाला माहीत आहे. पसरणीच्या घाटात स्कूटर बाजूला लावून तुम्ही मला दगडाचे थर मोजायला लावायचात. "एकेक थर म्हणजे एकेका वेळचा लाव्हा, चिमे. पहिला निवला, मग त्याच्यावर दुसरा." साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला दगड मी जन्मभर पाहिला. आता ताजा पाहायचाय. होलुहराउन नावाच्या जागी ऑगस्ट २०१४ च्या शेवटी जमीन फाटली आणि सहा महिने लाव्हा वाहत राहिला. जवळजवळ ८५ चौरस किलोमीटर नवी जमीन झाली. आपल्या ईशापेक्षा दोन वर्षांनी लहान जमीन, बाबा! तो २७ फेब्रुवारी २०१५ ला थांबला. शाळेत मराठी दिनाची धावपळ चाललेली असायची तुमची, तो दिवस. त्यामुळे तारीख लक्षात राहील.

तुमच्या काचेच्या कपाटातले ते पांढरे स्फटिक, काळ्या दगडाच्या पोकळीतले, आठवतात ना? (वरच्या कप्प्यातला मी फोडला होता. दादाने नव्हता फोडला. आज सांगून टाकते.) तसलेच झिओलाइट तिथे पूर्व किनाऱ्यावर तैगारहोर्नला आहेत, तसल्याच जुन्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये. जागा संरक्षित आहे, उचलता येणार नाहीत. भरपूर फोटो काढीन, तुम्ही भिंगातून बघत बसा.

तिथून आत अस्क्या नावाचा ज्वालामुखी. १८७५ च्या स्फोटात तिथली जमीन खचली आणि पुढे त्या खळग्यात पाणी साठून तळं झालं, दोनशे मीटरहून खोल. शेजारी दुधाळ निळ्या कोमट पाण्याचं छोटं विवर आहे. अपोलोच्या अंतराळवीरांना दगड ओळखायला शिकवण्यासाठी १९६५ आणि १९६७ मध्ये याच भागात आणलं होतं. दुसऱ्या खेपेला नील आर्मस्ट्राँग होता. १९६९ च्या त्या रात्री रेडिओला कान लावून बसलेले तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर येता. मी पाहिलेले नाही तुम्हाला तसे, पण आजीने इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखंच झालंय. तिथल्या काळ्या वाळवंटात उभं राहून मी तुमची आठवण काढणार आहे.

आई विचारेल, एवढा पाऊस-बर्फ पडणाऱ्या देशात वाळवंट कसलं? पाणी पडतं, पण सच्छिद्र लाव्ह्यातून आणि राखेच्या वाळूतून खाली मुरून जातं. वर गवताची काडी नाही. आणि मग मधेच हेर्दुब्रेद नावाच्या डोंगराजवळ लाव्ह्याखालून तेच पाणी झऱ्यांनी वर येतं, आणि तेवढ्यापुरतं हिरवंगार. १७७४-७५ चा आख्खा हिवाळा एक परागंदा झालेला माणूस तिथे दगडांच्या बिळात राहिला होता. आम्ही तर उन्हाळ्यात जातोय, गादीसकट.

हो, गादीसकट. तंबूत झोपणार नाही, आई. वाऱ्याला तंबू टिकत नाहीत, म्हणून मागची सीट काढून समीरने प्लायवुडचा पलंग केलाय. खाली खण आहेत. एकात तांदूळ-मूगडाळ, एकात तीन लिटरचा कुकर, एकात तुझं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. रात्री तीन-चार अंशांपर्यंत उतरतं, त्यासाठी डिझेलवरचा हीटर आहे, आणि त्याचा धूर आत आला तर कर्कश वाजणारं यंत्रही. तू विणलेली मरून शाल उशाशी ठेवलीय. जुलैत तिथे काळोख असा होतच नाही, तेव्हा "अंधारात बाहेर जाऊ नकोस" हे तुला सांगावंच लागणार नाही. रानात वाटेल तिथे गाडी लावायची परवानगी नाही, त्यामुळे मुक्काम झोपड्यांजवळच्या ठरलेल्या जागी. तिथे सोबत असते, संडास असतो. त्यांचं स्कीर म्हणजे आपल्या चक्क्याचं भावंड, साखर-वेलची घातली की झालं श्रीखंड. आणि मीवात्नच्या तळ्याजवळ राईचा पाव पातेल्यात घालून गरम जमिनीत पुरतात, दुसऱ्या दिवशी काढतात. ही चूल तू पाहायला हवी होतीस.

आता नद्या. लपवत नाही, कारण बाबा नकाशा काढून बसतीलच. आतल्या वाटांवर बऱ्याच ठिकाणी पूल नाहीत, गाडी पाण्यातून न्यावी लागते. हिमनदीचं पाणी दिवसभराच्या उन्हाने वाढत जातं, म्हणून पार व्हायचं ते सकाळी. पाणी राखेसारखं गढूळ, तळ दिसत नाही. आधी मी किंवा समीर कमरेला दोर बांधून चालत जातो, काठीने दगड चाचपत. इतकं गार असतं की चौथ्या पावलाला बोटं आपली वाटत नाहीत. मांडीला पाणी लागलं की गाडी घालायची नाही, हा आमचा नियम. दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या गाडीने गेलो होतो तेव्हा अशाच एका नदीवरून मागे फिरलो. पाच तासांची वाट पुन्हा उलटी. समीर हिरमुसला होता, मला मात्र वासोट्याची सहल आठवत होती. चाळीस मुलं, सगळी रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "डोंगर कुठे जात नाही." बाबा, तुमच्याइतकी चांगली नाही, पण मागे फिरायला मी शिकले आहे.

आता नीट ऐका, दोघंही.

मधले आठ-दहा दिवस फोन लागणार नाही. पठारावर बहुतेक ठिकाणी रेंजच नसते. आमच्याकडे उपग्रहावरून निरोप धाडणारं छोटं यंत्र आहे. रोज तिथल्या सकाळी सातला मी "ठीक आहोत" पाठवीन, म्हणजे तुमच्या दुपारी साडेबाराला, तुम्ही ताटं घेता तेव्हा. तो दादाच्या आणि बाबांच्या फोनवर येईल. ढगांनी, डोंगराच्या आडोशाने उशीर होऊ शकतो. संध्याकाळपर्यंत वाट पाहायची, दादाला ऑफिसात फोन करायचा नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही तर काय करायचं ते दादाकडे लिहून दिलंय. आमचा सगळा मार्ग तिथल्या बचाव पथकाच्या यादीत नोंदवून निघणार आहोत.

बाबा, सकाळची साखर तपासून वहीत लिहायची, तोंडी नको. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. मखराचे खांब माळ्यावरून तुम्ही काढायचे नाहीत, दादा येईपर्यंत थांबा. आई, मोदक एकवीस पुरेत, एक्कावन्न कोणी सांगितलेत? जमिनीवर बसायचं नाही, ओट्याशी उंच स्टूल घे. ऑपरेशनची तारीख "आधी नवरात्र होऊन जाऊ दे" म्हणत पुढे ढकललीस तर मी खरंच रागावेन. नाही, रागावणार नाही. पण ढकलू नकोस.

आरतीच्या वेळी मी रेंजमध्ये असेन, हॅम्बुर्गला परत आलेली असेन. व्हिडिओ कॉल लावा, फोन समईपासून लांब ठेवा. "घालीन लोटांगण"ला बाबांचा आवाज वर जातो आणि आई त्यांच्याकडे बघते, तेवढं मला दाखवा.

तुमची,
चिमी

ता. क. : आई, भाजणीचं प्रमाण पुन्हा पाठव. मागच्या वेळी ज्वारी किती ते लिहायचं राहिलं होतं. आणि निरोपाची वाट बघत जेवण थांबवायचं नाही. ताट वाढून घ्या, तो येईल.