फिश अँड चिप्स घेण्याआधी तळणीची चौकशी करावी

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या सहलीविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात फिश अँड चिप्स (पिठाच्या आवरणात तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड तळलेले काप) कुठल्याही दुकानातून घ्यावेत, चवीत काही फरक नसतो, असा सल्ला वाचकांना दिलेला आहे. मी बऱ्याच वर्षांपासून लीड्समध्ये राहते आणि उन्हाळ्यात मुलाबाळांकडे येणारे अनेक मराठी आईवडील येथे मला भेटतात. त्यांच्यापैकी कुणी हा सल्ला मानून चालले, तर त्यांना मनस्ताप होण्याची शक्यता आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांत मासा वेगळा असू शकतो, बटाटा वेगळा असू शकतो आणि आपल्या माणसांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यात हे सारे तळले जाते तो पदार्थच वेगळा असू शकतो.

लीड्स ज्या भागात आहे त्या उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशरमधील जुन्या वळणाच्या कितीतरी दुकानांत तळणीसाठी बीफ ड्रिपिंग, म्हणजे गाईबैलांची वितळवून गाळलेली चरबी, वापरली जाते. येथील लोकांना त्याचा मोठा अभिमान आहे आणि केवळ स्वयंपाकाच्या अंगाने पाहिले तर त्यांचे म्हणणे खोटे नाही. ही चरबी कढत तापमान चांगले सोसते, माशावरचे आवरण तिच्यात खुसखुशीत होते आणि चिप्सना एक भरीव चव येते. दक्षिण इंग्लंडमध्ये बहुतेक दुकाने वनस्पती तेल वापरतात, त्यामुळे लंडनमध्ये आठ दिवस राहून मग यॉर्क, व्हिटबी किंवा लीड्सकडे येणाऱ्या प्रवाशाला येथे काही वेगळे असेल अशी शंकाही येत नाही.

माझ्या परिचयातील एका माळकरी दाम्पत्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. मुलगा दिवसभर कामावर, घराजवळच चिपी (येथे या दुकानांना असेच म्हणतात), आणि बटाटा उपवासाला चालतो, या साध्या हिशेबाने त्यांनी एकादशीला केवळ मीठ लावलेल्या चिप्स आणून खाल्ल्या. दुकानदाराने काही लपवले नव्हते, कारण त्याला कुणी विचारलेच नव्हते. पुढे दुसऱ्या कुणाकडून जेव्हा त्यांना कळले, तेव्हा त्या माउलीच्या डोळ्यांत आलेले पाणी मी पाहिले आहे. अशी गोष्ट माहितीच्या अभावी घडावी, हे मला पटत नाही.

दुकानातील फलकावर ही माहिती आपोआप मिळेल, असे समजू नये. ब्रिटनमधील नियमांनुसार विक्रेत्याला 14 ॲलर्जिकारक पदार्थांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते आणि त्यांत मासे, गहू, दूध, मोहरी हे सारे येते, परंतु गोमांस किंवा त्याची चरबी या यादीत नाही. काही दुकाने ड्रिपिंगची जाहिरात अभिमानाने दारावरच करतात, तर काही दुकाने त्याविषयी एक अक्षरही लिहीत नाहीत. चरबीचा रंग पाहूनही अंदाज करता येत नाही, कारण पामतेलाच्या लाद्याही तशाच पांढऱ्या आणि घट्ट असतात. 'हलाल' ही पाटीसुद्धा आपल्याला पुरेशी नाही. अशी पाटी लावणारी बरीच दुकाने तेलच वापरतात हे खरे, पण त्या शब्दाचा गाय किंवा बैल वर्ज्य असण्याशी संबंध नाही. म्हणून गल्ल्यापाशी उभे राहून, तुम्ही कशात तळता, असे सरळ विचारावे. लीड्स आणि ब्रॅडफर्डसारख्या शहरांत हिंदू, मुस्लीम, ज्यू असे सगळेच ग्राहक हा प्रश्न विचारतात आणि त्याचा कुणालाही राग येत नाही.

शाकाहारी माणसाने यापुढे आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. दुकान तेल वापरत असले, तरी ज्या कढईत मासा आणि डुकराच्या मांसाचे सॉसेज तळले, तिच्यातच चिप्स पडतात की चिप्ससाठी वेगळी कढई राखून ठेवलेली आहे, हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते. शिवाय येथे लोक 'स्क्रॅप्स' म्हणून आवरणाचा जो कुरकुरीत चुरा मागून घेतात, तो माशाच्या कढईतलाच असतो. लहान मुलांना तो फार आवडतो, म्हणून हेही ध्यानात ठेवावे.

हा मुद्दा एकदा निकाली निघाला की मग चवीची तुलना करण्यात खरी गोडी आहे आणि मासे खाणाऱ्या कोकणी व गोव्याच्या मंडळींनी ती जरूर करावी. यॉर्कशरमध्ये हॅडॉक मागतात, तोही बहुधा कातडी काढून. दक्षिणेकडे कॉडचा मान मोठा. कॉडचे मांस जाड, पांढरे, मोठ्या पाकळ्यांचे असते, तर हॅडॉक थोडा पातळ आणि चवीला किंचित गोड असतो. माझे मत विचाराल तर हॅडॉकच सरस, कारण आवरण आणि मासा यांचे प्रमाण त्यात बरोबर साधते. आपल्याकडे बंदरावरून आलेला मासा म्हणजेच ताजा असा समज पक्का असल्यामुळे, फलकावर 'समुद्रातच गोठवलेला' असे वाचून आपले लोक नाक मुरडतात. प्रत्यक्षात तो मासा नॉर्वे किंवा आइसलँडच्या बाजूच्या थंड समुद्रात पकडल्यावर काही तासांतच जहाजावर कापून गोठवलेला असतो आणि कित्येक दिवस बर्फावर पडून राहिलेल्या 'ताज्या' माशापेक्षा पुष्कळदा चांगला निघतो. हल आणि ग्रिम्सबी या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांचे ताफे पूर्वी आइसलँडच्या भोवतालच्या समुद्रात मासेमारी करीत. 1976 साली ब्रिटनला आइसलँडची 200 सागरी मैलांची हद्द मान्य करावी लागल्यानंतर ते दिवस संपले. तेव्हापासून या 'इंग्रजी' पदार्थातला मासा मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येतो.

दुकानाची खरी परीक्षा मात्र घाण्यावर होते. आमच्या भागातील एका दुकानात तळणारे गृहस्थ माशाचा तुकडा शेपटीकडून धरून पिठाच्या घोळात बुडवतात, कडेवर निपटून जास्तीचे पीठ काढतात आणि मग लगेच सोडून न देता तो कढईत स्वतःपासून दूर नेत हळूहळू आडवा करतात. तोपर्यंत आवरण फुगून धरलेले असते आणि मासा तळाशी चिकटत नाही. त्यांच्याकडे मागणी आल्यावरच मासा कढईत पडतो, त्यामुळे पाच-सात मिनिटे थांबावे लागते. याउलट ज्या दुकानात मासे काचेच्या गरम कपाटात आधीच रांगेने मांडून ठेवलेले दिसतात, तेथे गर्दी नसेल तर घेऊ नयेत, कारण आतल्या वाफेने आवरण मऊ पडलेले असते. म्हणूनच मी शुक्रवारी संध्याकाळची वेळ सुचवते. त्या दिवशी मासे खाण्याची येथे जुनी ख्रिस्ती परंपरा आहे, दारापर्यंत रांग लागते आणि घाण्यावर घाणे निघत असल्याने शिळे काही उरत नाही.

बटाट्याविषयी एवढेच सांगते की, मॅरिस पायपर जातीच्या बटाट्याला दुकानदारांची पसंती आहे. जून-जुलैच्या सुमारास जुना साठा संपत आलेला असतो आणि नवा बटाटा नुकता येऊ लागलेला असतो. या दिवसांत बटाट्यात साखर वाढल्यामुळे चिप्स लवकर तांबूस होतात. आपले पाहुणे नेमके याच काळात येतात आणि तेल जुने असावे असा ठपका दुकानावर ठेवतात. तेल जुने असल्याची खूण रंग नसून वास आहे, आणि तो दारातच येतो.

नावाला भुलू नये, हेही सांगितले पाहिजे. लीड्सजवळच्या गाइझलीत हॅरी रॅम्सडेन यांनी 1928 साली लाकडी खोपटात सुरू केलेले दुकान पुढे जगभर गाजले, पण त्या मूळ जागी आज निराळ्याच नावाचे दुकान आहे. प्रवाशांच्या यादीतील प्रसिद्ध ठिकाणांपुढे तासभर उभे राहण्यापेक्षा, जेथे आसपासचे लोक दर आठवड्याला येतात असे साधे दुकान शोधावे. दारावर अन्नस्वच्छतेच्या 0 ते 5 गुणांची पट्टी पाहावी. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती लावणे सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये तसे बंधन नाही, म्हणून ती दिसली नाही तर गुण संकेतस्थळावर पाहता येतात. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर सूर्यफूल तेल महागले, रशियन माशावर ब्रिटनने 35 टक्के जादा शुल्क लावले, आणि पूर्वी कामगारवर्गाचे स्वस्त जेवण असलेला हा पदार्थ आता स्वस्त राहिलेला नाही. अशा वेळी ज्येष्ठांनी दुपारच्या 'पेन्शनर्स स्पेशल'ची चौकशी करावी. बऱ्याच दुकानांत वयस्कांसाठी लहान मासा, चिप्स आणि कधी चहाही कमी दरात मिळतो, आणि पूर्ण आकाराचा मासा तसाही एकट्याला संपत नाही. घरी नेताना पुठ्ठ्याच्या डब्याचे झाकण थोडे उघडे ठेवावे, नाहीतर दहा मिनिटांत सगळे आवरण ओले होते.

आपल्या वृत्तपत्राच्या प्रवासविषयक लेखांवर हजारो कुटुंबे विश्वास ठेवतात. म्हणून माझी विनंती आहे की, यापुढे इंग्लंडमधील खाण्याविषयी लिहिताना तळणीची ही माहिती ठळकपणे द्यावी आणि शक्य झाल्यास शाळांना सुट्टी लागण्याआधी, म्हणजे एप्रिलच्या पुरवणीत, ती स्वतंत्र चौकटीत छापावी.

कळावे,
आपल्या वृत्तपत्राची एक वाचक,
लीड्स, यॉर्कशर