मंत्रीमहोदय, केसपेपर कोणाच्या कपाटात राहणार?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गडचिरोलीचा विषय निघाला की पुनर्वसनासोबत ‘समुपदेशन’ हा शब्द हमखास येतो. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपतीने मोठ्या गटासह शस्त्रं खाली ठेवली. त्यांना उपचार लागतील. चकमकीत नवरा गेलेल्या बाईला, ‘खबऱ्या’ म्हणून मारलेल्या माणसाच्या मुलाला आणि सी-60 या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकातल्या जवानालाही लागतील. या सगळ्यांसमोर सायकॉलॉजिस्टने तटस्थ राहावं, अशी शासनाची अपेक्षा रास्तच आहे. फक्त ही तटस्थता आमच्या सज्जनपणावर सोडू नका. खोली कोणाची, पगार कोण देतं, दुभाषा कोण आणि कागद कुठे राहतो, यावर ती ठरते.

पीएचक्यू-9 ही नैराश्याची साधी प्रश्नावली घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, जास्तीत जास्त बेरीज 27. मुलाखत पोलिसांच्या आवारात असेल आणि शेजारी बसलेला शिपाईच माडियातून भाषांतर करत असेल, तर समोरचा माणूस एकेका प्रश्नाला ‘नाही’ म्हणत सुटतो. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो विचारायला दुभाषाच कचरतो, ‘सगळं बरं आहे ना?’ एवढ्यावर भागवतो. बेरीज येते शून्य. अहवालात ‘लक्षणे नाहीत’ असं जातं आणि फाइल बंद होते. अशी शून्य बेरीज आली की पेशंटआधी खोली तपासायला हवी.

जवानाचं दुखणं वेगळं, भीती तीच. झोप उडाल्याचं कागदावर आलं तर हत्यार काढून घेतील, बढती अडेल, म्हणून तोही गप्प बसतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधलं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं, पण त्याला सार्वजनिक सुरक्षेचा अपवादही आहे. अपवाद असावाच. मात्र तोंडी फोनवर ‘जरा फाइल पाठवा’ म्हटलं की तो लागू होतो, असं समजलं जाऊ नये. मागणी लेखी हवी. कोणत्या अधिकाऱ्याला, नेमकी कोणती माहिती, कशासाठी, हे त्यात यावं. आणि हा अपवाद पेशंटला पहिल्याच भेटीत, त्याच्या भाषेत सांगितला जावा. संमतिपत्रावर अंगठा घेऊन झाल्यावर सांगण्यात काय अर्थ?

उपचार करणारा आणि पुनर्वसनासाठी दाखला देणारा एकच माणूस नको. ज्याच्या सहीवर अनुदानाचा हप्ता अवलंबून, त्याच्यापाशी कोण मन मोकळं करेल? दाखला एका पानाचा असावा: उपचार चालू आहेत की नाहीत, कामाला योग्य आहे की नाही, बस्स. बाकी नोंदी नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने, आरोग्य विभागाच्या कुलुपात. भेटी ग्रामीण रुग्णालयात, साध्या ओपीडीच्या दिवशी व्हाव्यात, म्हणजे रांगेत कोण कशासाठी उभं आहे ते कळणार नाही. गोंडी-माडियाचे दुभाषे गणवेशाबाहेरचे हवेत, आणि शक्यतो त्याच गावातले नकोत.

हे नियम नसले की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 2005 च्या समितीने लष्करी चौकशीत मानसशास्त्रज्ञांनी सहभागी होणं नीतीला धरून ठरवलं. संघटनेचे पदाधिकारी संरक्षण खात्याशी संगनमत करून होते, हे 2015 च्या स्वतंत्र चौकशीत उघड झालं. मगच बंदी आली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी खटल्यात संमतीविना नार्को चाचणी बेकायदा ठरवली. पण समुपदेशनाच्या आडून होणाऱ्या चौकशीला तो निकाल थेट अडवत नाही.

तटस्थ म्हणजे मुका, असाही एक सोयीस्कर समज आहे. मारहाणीने, विस्थापनाने, गावातल्या दहशतीने माणूस कसा खचतो, हे नावं न घेता सांगणं आमच्या कामातच येतं, मग ती दहशत बंदूकवाल्यांची असो की वर्दीवाल्यांची. एल साल्वादोरच्या यादवीत इग्नासिओ मार्तिन-बारो हे मानसशास्त्रज्ञ लोकांची मतं शास्त्रशुद्ध पाहणी करून छापत; 16 नोव्हेंबर 1989 रोजी लष्कराने त्यांना ठार केलं. इथे तेवढी वेळ नाही, पण असं बोलल्याबद्दल कंत्राटी समुपदेशकाचं नूतनीकरण थांबणार नाही, एवढी लेखी हमी हवी.

शहरालाही हे लागू आहे. 17 मार्च 2025 च्या महाल-हंसापुरीतल्या दंगलीसारखं पुन्हा काही घडलं, तर समुपदेशकांचं पथक कोणत्याही नेत्याच्या गाडीतून वस्तीत उतरू नये.

यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या विभागाचा एक शासन निर्णय पुरेसा आहे. त्याचा मसुदा याच अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावा, ही विनंती.

आपले,
नागपुरातील काही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व समुपदेशक